नेलिदाच्या पुस्तकातला नवरा

...आणि वर मलाच म्हणतात, बाल्दोमेरो, नशीबवान आहेस, घरात लेखिका आहे! आहे ना. तुम्हाला हवी? नाही, खरंच, चार दिवस घेऊन जा आणि मग बोला.

तुम्हाला सांगतो, आमची नेलिदा लहान मुलांसाठी लिहायची तोवर ठीक चाललं होतं. ठीक म्हणजे काय, पुस्तकात एक कासव होतं, आभाळ गडगडलं की बादलीत लपणारं, आणि त्या कासवाला मिशा होत्या. कासवाला! माझ्या! मी साधा पंप दुरुस्त करणारा माणूस, कुणाच्या विहिरीवर निघालो की आमच्या मिनास गावातली झाडून सगळी पोरं मागून ओरडायची, "काका, बादली कुठाय?" घरी येऊन म्हटलं, नेलिदा, हे काय? तर म्हणते, "अरे बाल्दो, ती गोष्ट आहे." गोष्ट आहे, मला कळतं हो... पण सांगता कुणाला?

मग ती वयात आलेल्या पोरापोरींसाठी लिहायला लागली. त्यात एक बाप, मुलीला कार्निव्हलमध्ये ढोल वाजवू न देणारा. आता आम्हाला एकच मुलगा, तोही मोंतेविदेओला लोकांचे दात उपटतो, मुलगी नाही की ढोल नाही, पण मिशा त्याच ना! एकदा शाळेतली एक पोर माझ्या दुकानात आली, डोळ्यांत पाणी, "काका, तिला वाजवू द्या ना." कुणाला गं बाई? शेवटी म्हटलं, बरं, वाजव म्हणावं. काय करणार!

आणि मग तिनं मोठ्यांसाठी लिहिलं.

त्यातला नवरा घड्याळं दुरुस्त करतो, मिशा त्याच. रोज सकाळी नवराबायको येर्बाचा कडू चहा पीत बसतात, आपल्यासारखेच, एकच पोकळ भोपळा, एकच नळी, तो कढत पाणी ओततो, ती ओढते, परत देते, पुन्हा तो ओततो. आता भोपळा परत देताना कुणी आभार मानले की त्याचा अर्थ बास, आता नको, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तर एका सकाळी ही बाई पहिल्याच घोटानंतर म्हणते, "आभारी आहे." पिशवी उचलते आणि गुरांच्या डॉक्टराबरोबर बसमध्ये बसून निघून जाते!

गावात गुरांचा डॉक्टर एकच, एचेवेरी. सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्याला बसची पायरी चढता येत नाही... पण सांगता कुणाला? बेकरीवाल्या झुल्माबाईंनी माझ्या पुडीत दोन बिस्किटं जास्तीची टाकली, "जेवतोस ना रे वेळेवर?" म्हटलं, झुल्माबाई, नेलिदा घरीच आहे! माझ्या गालावरून हात फिरवून म्हणतात, "हो रे बाळा, असंच म्हणायचं असतं."

हसलो मी. पण खरं सांगू? आतून टरकलो होतो. कारण ते कासव खरं होतं हो! आभाळ गडगडलं की मी घाबरतो. बादलीत नाही, जिन्याखाली बसतो, पण बसतो. मग कासव खरं, तर बस कशावरून खोटी?

झालं, मी सुधारलो. गळकं छप्पर शाकारलं, जेवताना शीळ घालणं सोडलं, रविवारी सासूबाईंच्या विनोदांना हसलो, तेही संपायच्या आधी. नेलिदा आत दार लावून नवीन कादंबरी लिहीत होती आणि मी बाहेर देवासारखा वागत होतो. रोज सकाळी येर्बा ओतायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचं. तिनं पुन्हा ओतायला भोपळा पुढे केला की माझा दिवस सुरू.

आणि गेल्या सोमवारी तिनं पहिला घोट घेतला, भोपळा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आभारी आहे, बाल्दो."

कढत पाणी पायावर सांडलं, कळलंसुद्धा नाही. ती आत गेली. बाहेर आली ती पिशवी घेऊन! मी दारात आडवा. तोंडातून निघालं, "नेलिदा, एचेवेरीला बसची पायरी चढता येत नाही!"

"काय?" म्हणते. "अरे, पोटात जळजळतंय म्हणून नको म्हटलं. आणि कादंबरी झाली लिहून, पोस्टात टाकून येते."

रडलो मी. सांगायला लाज कसली, दारातच बसून रडलो. तीही शेजारी बसली, बाहीनं माझ्या मिशा पुसल्या, "वेड्या, तुला सोडून मी कुठं जाणार? लिहू कुणावर?"

जिवात जीव आला. म्हटलं, म्हणजे यातही मी आहे?

"नाही रे," म्हणते, "तू अलीकडे इतका शहाण्यासारखा वागलास, की लिहायला काही उरलंच नाही. एका विधवेची गोष्ट आहे. नवरा पहिल्याच पानावर गेलेला."

म्हटलं, कशानं गेला, ते तरी सांग. तर म्हणते, "शांतपणे गेला. येर्बा ओतता ओतता."

आता पुस्तक येणार, सगळं मिनास वाचणार, आणि दुसऱ्या दिवशी काळी शाल पांघरून, रश्श्याचं पातेलं घेऊन झुल्माबाई दारात उभ्या, बिचाऱ्या नेलिदाला धीर द्यायला. नेलिदा लिहीत असणार, तिला उठवायचं नाही, म्हणजे दार मीच उघडणार. मी म्हणणार, झुल्माबाई, अहो मी जिवंत आहे. आणि त्या माझ्या गालावरून हात फिरवून म्हणणार, "हो रे बाळा, असंच म्हणायचं असतं."