मागचं पुसट करणारी लेन्स

कॅमेऱ्याचा तुटलेला पट्टा बदलून घ्यायला फिदेन्सिओ मेक्सिको सिटीतल्या त्या दुकानात रांगेत उभा होता. पुढे दोघी मायलेकींचं कुठली लेन्स घ्यायची हे काही केल्या ठरत नव्हतं.

“आई, ही रुंदच घेऊ. बाबांच्या साठीला अख्खं खानदान एका फोटोत मावेल.”

“नको, ती दुसरी दाखवायला सांग. बाबा तेवढे स्वच्छ, मागचं सगळं पुसट.”

“वा गं वा! म्हणजे आम्ही सगळे पुसट? नातवंडंही मांडीवर नकोत?”

“कुणी नको. शेजारी एकही जिवंत माणूस नको.”

“जिवंत? शेजारी जिवंत माणूस नको, हे तर आपण गेलेल्यांच्या फोटोत बघतो, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी वेदीवर ठेवायच्या... आई! अगं, बाबा गाडी लावायला गेलेत!”

“हळू बोल. डॉक्टर म्हणाले, नोव्हेंबर काही दिसायचा नाही त्यांना. मला एकटीलाच सांगितलंय. त्यांना पत्ता लागता कामा नये.”

फिदेन्सिओच्या हातातला पट्टा खाली पडला. तो उचलायला वाकला, तोच दारातून खणखणीत आवाज आला.

“झाली का खरेदी, दोमितिला?”

“झाली. ही घेतली.”

“मागचं पुसट करते ना? मग छान. मी एकटाच यायला हवा. आणि पोरी, फोटो टोपी घालून काढ हं माझा. गेल्या वर्षी वेदीवर मेणबत्त्यांच्या उजेडात तुझ्या काकाच्या फोटोत नुसतं टक्कलच चमकत होतं.”