कोर्ट उठेपर्यंत

न्हाय, तुमीच सांगा, येवढी हलकी शिक्षा कुणी देतं व्हय? तुमाला सांगतो, पिकअपमदी भेंडी भरलेली, पुलाखालनं यायचं म्हंजी लांबचा वळसा, म्हणून मी आपला निरवांगीचा कुंडलिक हायवेच्या उलट्या बाजूनं निघालो इंदापूरच्या मार्केटला... इंडिकेटर लावून, हां! तरी धरलं. कोर्टात उभं केलं. लायसन गेलं तर माल कुणी न्यायचा? आन जजसाहेब काय म्हणावं? "गुन्हा कबूल आहे?" "व्हय, साहेब." "कोर्ट उठेपर्यंत इथंच बसून राहायचं. हीच शिक्षा."

बसायचं? नुसतं? आन लायसनला हातबी न्हाय? मी म्हणलं, ह्यात कायतरी गोम हाय!

बसलो बाकड्यावर. हवालदार येतोय, "तात्या, च्या घेता का?" आरं, पोलीस आन च्या पाजतोय? गोम हाय! सांजच्याला कोर्ट उठलं, हवालदार म्हणला, "जावा घरी." वकील आमचा ऋषिराज, गावातलंच पोरगं, हात जोडतंय, "तात्या, सुटलाय तुमी, गुमान चला." का रं बाबा, येवढी घाई का? ह्यो बी त्यांच्यातलाच! म्हणलं, अपील कर. बारामतीचं वरचं कोर्ट बघू दे, ही शिक्षा खरी हाय का न्हाय.

बघितली की! माज्या अपिलानं सरकारी वकील जागं झालं, म्हणलं, शिक्षा कमी हाय, वाढवा. वरचं साहेब चष्मा सारून फोटो बघत्यात... समोरनं एस्टी, तिच्या तोंडावर माजी पिकअप, आन इंडिकेटर चालू! "शिक्षा फारच हलकी दिली. लायसन सहा महिने निलंबित."

मी टोपीनं डोळं पुसाय लागलो. आन मागनं आमची प्रयागबाई म्हणती कशी, "आवं, रडताय कशापायी? माज्याकडं हाय की लायसन!" कवा काढलं? "तुमच्या तारखा चालू व्हत्या तवा." आधीच तयारी? गोम हाय!

आता पिकअप तीच चालवती. पुलाखालनं, सगळा वळसा घालून! मी नुसतं "हितनं घाल" म्हणलं की डोळं वटारती. भेंडी तीच इकती, आन मला सावलीत पोत्यावर बसवती, "मार्केट उठस्तवर हितनं हलायचं न्हाय." वर च्याबी पाजती. परवा न राहवून म्हणलं, प्रयागे, ह्यात कायतरी गोम हाय...

तर म्हणली, "मग करा की अपील!"

बसलोय.