धुरपताच्या खात्याले कुलूप

...आता चोर बाहेरचा असता तर दाराले कुलूप लावलो असतो ना जी! पन आमची आचल पुण्यावरून फोनवर सांगते, "बाबा, चोर घरातलाच राहते!" तुमाले सांगतो राजेहो, मी लीलाधर, सौंदडच्या वाचनालयाचा रखवालदार, अन् तिथल्या एकुलत्या एक कम्प्युटरचा मालकच समजा. पोरगी कम्प्युटरच्या कंपनीत. म्हने, "सिस्टीमच्या बुडाशीच छेद सापडला. बाहेरचा त्यातून येऊ शकत नाही, पन आतमंधी ज्याचा खाता आहे, तो साधा मानूस बसल्या जागी पुऱ्या मशीनचा मालक बनू शकते!" मी म्हनलो, बाप्पा! इथं ग्रामपंचायतीचा मेंबर बनाले पाच साल वाट पाहा लागते, अन् हा बसल्या जागी?

"दुरुस्ती आली का टाका, मशीन बंद करून चालू करा. तवरीक रिकामे खाते बंद करून ठेवा." आता आली ना पंचाईत! आमच्याइथं जित्या मानसाचा नाव कापत नाही जी. राशन कार्डावरून नाव कटला का तो मेला समजाचा! म्हनून वाचनालयात जो आला त्याच्या नावाचा खाता खोललो कम्प्युटरवर, नारेल फोडून, अन् एकबी कापलो नाही. झाले ना चौदा!

यादीतल्या केशोरावले पयला फोन लावलो, तो आता नागपूरले राहते पोरापाशी. "तुमचा खाता बंद करू का जी?" भडकला ना! "काऊन रे, मी मेलो का?" म्हनलो, नाही जी, चोर घरातलाच राहते म्हने... "म्हंजे मी चोर?" आदळला फोन! भुपेंद्र सुरतले, त्याले आठवतच नव्हता आपला खाता. गुंजन लगन होऊन रायपूरले, ती विचारते, "काका, वाचनालय अजून खुलते का?" खुलते ना बाई... मीच खोलतो, मीच बसतो, अन् संध्याकाळी मलेच बाहेर काढून कुलूप लावतो! पन खोटा कायले बोलू, तीन दिवस कोनासोबत तरी बोलून राहिलो, बरा वाटला. एकेकाले दोन-दोनदा लावलो फोन. केशोरावलेबी!

तेरा बंद झाले. चौदावा धुरपताचा, माझ्या बायकोचा. जाऊन दोन साल झाले तिले. दुपारी डबा घेऊन येई, अन् मलेच खुर्चीवरून उठवे, "व्हा बाजूले, माझा कम्प्युटरवरचा पत्त्याचा डाव अधुरा आहे!" आता सांगा, रिवाजानं पाहिला तर यादीत कापाचा नाव एकच होता... अन् तिथंच बोट चालेना! आचलले म्हनलो, "तुझ्या मायचा राहू दे." ती हळूच म्हने, "बाबा, पुसू नका. फक्त कुलूप लावा. डाव आतमंधी तसाच राहते." लावलो.

शुक्रवारी दुरुस्ती आली, टाकलो, मशीन बंद करून चालू केलो. आचल म्हने, "झाला बाबा! आता साध्या खात्यातून कोनी मालक बनू शकत नाही." मी म्हनलो, "तुझी माय तर लगनाच्या दुसऱ्याच दिवशी मालकीन बनली होती, तिले कोनता छेद लागला?" हासली पोरगी... खूप हासली. मंग तिची मीटिंग होती, ठेवला फोन.

तर मशीन पक्का झाला जी आता. चोर घरातलाच राहते म्हने... राहत असन बाप्पा, पन त्याच्यासाठी घरात कोनी तरी पायजे ना!