कोपऱ्यातले दोन ठिपके

(लासेम गावातला बाटिक कापडाचा कारखाना; मालकीण एन्दाह, रंगारी सारमिन आणि पेज सांभाळणारा गालिह; इथं आदरानं बाईला ‘बू’ म्हणतात, पुरुषाला ‘पाक’.)

गालिह : ...आणि शेवटची ओळ अशी : ‘व्हिडिओत दिसणारं बाटिक आमच्या कारखान्यातलं नाही. नकली मालापासून सावध राहा.’ बास. दुपारच्या आत पेजवर टाकतो.

एन्दाह : टाक बाबा. तीन दिवसांत नऊ लाख लोकांनी आमची अब्रू जाताना बघितली. नवरीच्या अंगातला पांढराशुभ्र कबाया ब्लाउज, त्यावर कमरेच्या बाटिकचे लालभडक डाग, तिची आई ढसाढसा रडतेय आणि खाली माझ्या कारखान्याचं नाव.

गालिह : तुमच्या नावावर छापील कापड खपवणारे ढिगानं आहेत, बू एन्दाह. लोकांना पटेल. कुणाचं नाव कसं सांभाळायचं, याचेच तर पैसे घेतो मी.

सारमिन : तो व्हिडिओ जरा पुन्हा लाव, गालिह. कापडाच्या कोपऱ्याशी थांबव.

गालिह : इथं?

सारमिन : हं. आपलंच आहे ते. मीच रंगवलंय.

एन्दाह : काहीतरी बोलू नका, पाक सारमिन. अख्ख्या लासेममध्ये लाल रंग काय तुम्ही एकटेच देता?

सारमिन : ते दोन फिके ठिपके बघा. माझा अंगठा अर्धाच, म्हणून हौदातून कापड उचलताना मी दोन बोटांच्या चिमटीत धरतो. तिथं रंग बसत नाही. एकतीस वर्षं झाली, असे ठिपके दुसऱ्या कुणाच्या हातून पडत नाहीत.

गालिह : थांबा, ते डाग? अहो, दोन वर्षं मी आपल्या प्रत्येक फोटोतून ते पुसत बसलोय.

सारमिन : पुसलेस होय. तरीच फोटोतली कापडं मला परकी वाटायची.

एन्दाह : मग रंग सुटला कसा?

सारमिन : ईदच्या आधीची घाई. रंग पक्का करण्याआधी एक दिवस सावलीत वाळवायचं असतं. मी वाळवलं नाही. चूक माझीच आहे.

गालिह : हे आपल्या तिघांनाच ठाऊक आहे ना? मग इथंच राहू दे. कबूल केलंत तर महिन्याभरात कारखान्याला कुलूप लागेल, बू. कापडावर मेणानं नक्षी काढणाऱ्या चौदा बायका घरी बसतील.

एन्दाह : ते काय मला कळत नाही? तीन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही माझ्या. पण हे खोटं टाकलं, तर उद्या पाक सारमिनना कुठल्या तोंडानं सांगू, की हौदापाशी उभे राहा म्हणून? पुसून टाक ते. उद्या सकाळी लाइव्ह लाव. ते स्वतः बोलतील.

(दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा. हौदाकाठी सारमिन, समोर स्टँडवर फोन.)

गालिह : हळू बोला, बू, आवाज जाईल. लोक तीन सेकंदांत पुढं सरकतात, असं मी सगळ्यांना शिकवत फिरतो. पाक सारमिन दहा मिनिटं आपला अर्धा अंगठा दाखवून चूक सांगताहेत, आणि अठरा हजार माणसं जागची हलत नाहीयेत.

एन्दाह : शिव्या देताहेत का?

गालिह : आधी देत होते. पण मघाशी पार समुद्रापलीकडच्या मेदानच्या एका बाईनं लिहिलं, ‘माझ्याही कापडाला आहेत दोन ठिपके.’ मग मकास्सरहून कुणीतरी. आता थांबतच नाहीयेत. लोक कपाटं उघडून कोपरे शोधताहेत, फोटो टाकताहेत. हे बघा, बाळाला पाठीशी बांधलेलं कापड. ठिपके आहेत.

एन्दाह : आणि हे?

गालिह : ‘वडील गेले तेव्हा अंगावर हेच पांघरलं होतं.’ ...याला काय म्हणायचं, बू?

एन्दाह : हा माणूस कधी सुरबायाच्या पलीकडे गेला नाही रे. आणि कुठल्या कुठल्या घरांत जाऊन बसलाय.

सारमिन : गालिह, ती नवरीची आई काही बोलली का? कापड परत पाठवा, नीट रंगवून देतो, असं मघाशी लाइव्हवरच सांगितलंय मी तिला. कबायाचं मात्र काय करू ते सुचत नाही.

गालिह : अजून नाही... थांबा. आलंय तिचं.

एन्दाह : आधी मनात वाच.

सारमिन : नको. असेल ते मोठ्यानं वाच.

गालिह : ‘कापड पाठवतेय. या वेळी सावकाश वाळू द्या. आणि उचलताना तिथंच धरा.’