कंपनीचीच पिन पाहिजे

मी तशी भित्री बाई. लेकराला शिंक आली की आधी मलाच ताप भरतो. पण गुडीहत्नूरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या दादांशी मी जे भांडले ना, ते आठवलं की वाटतं, ही कोण बाई होती?

आमच्या तेलुगू मुलखात शिक्षिकेच्या नोकरीसाठी मला तेलुगूची परीक्षा द्यायची होती, ती आठ दिवसांवर आलेली. सगळे धडे कॅसेटवर, आणि माझ्या दिरानं दुबईहून आणलेल्या छोट्या टेपच्या वायरची पिन लेकीनं चावून तोडलेली. त्यात सेल टाकायची सोयच नव्हती.

"ताई, हे चपटी पिन त्याच कंपनीची लागते," दादा म्हणाले. "हैदराबादहून मागवा लागन. महिना जाईन."

"घरी रेडिओ लाइटीवर चालवाचा एलिमिनेटर हाय, तोही सहा व्होल्टचाच, फक्त पिन गोल हाय. या टेपचं चपटं भोक काढा अन् साधं गोल बसवा."

"फॉरेनचा माल हाय, ताई! तोंड खराब होईन त्याचं."

"होऊ द्या. मले त्याची सोयरीक नाही जुळवाची."

दादांनी कपाळावर हात मारला, पण बसवून दिलं. घरी पिन लावण्याआधी मी लेकीला सासूबाईंसोबत अंगणात पाठवलं. स्फोट झालाच तर निदान त्या दोघी वाचाव्यात! टेप मात्र शहाण्यासारखा तेलुगू बोलू लागला.

रविवारी दिरानं ते पाहिलं. "वहिनी, हे काय केलं? कंपनी म्हनते, दुसरी पिन लावाचीच नाही!"

"भावजी," मी म्हटलं, "परीक्षेले मले बसाचं हाय, कंपनीले नाही."