घरीच असते

सोलापूर स्टँड, १९७४. कुंभारीच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं विड्या वळणाऱ्या दोघी बाया होत्या.

"नागम्मा, सरकारी पाहणीवाल्यानं काय इचारलं तुला?"

"काम काय करता, म्हणला. मी म्हणलं, काय न्हाय, घरीच असते."

"मग रोजच्या हजार विड्या कोण वळतंय गं?"

"मीच की, अक्का. पण घरीच वळते न्हवं?"

"त्यानं काय लिवलं?"

"वाचून दावलं. 'काम करत नाही.'"

"आन तू गप बसलीस? तोंड शिवलं हुतं का तुजं? त्याच कागदावरनं सरकार ठरवणार, आपल्याला कामगार म्हणायचं का न्हाय."

"मांडीवर विड्यांचं सूप हुतं की माज्या."

"त्या मुडद्याला दिसलं न्हाय?"

"दिसलं की. त्यातलीच एक उचलून पेटवली, आन मग लिवलं."