तंदुरुस्त, सर

मी, फौजेतून आजारपणाच्या रजेवर आलेल्या जवानाचा धाकटा भाऊ, वय २१ वर्षे, धंदा सध्या काही नाही (कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडले, का ते विचारू नये), राहणार दादा-वहिनीच्या घरी, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

दादा लढाईवरून परतल्यापासून दर मंगळवारी सैनिकी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात जातो. सोबत मी असतो. तिथे नोंदणीच्या खिडकीत एक मुलगी बसते. ती कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिचा या गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही. आज तिने केस मोकळे सोडले होते, हे तपासात लागणार असेल तर लिहून घ्यावे.

तिथले डॉक्टर साहेब गणवेशात बसतात. खांद्यावर हुद्द्याचे तारे. ते दिसले की दादाच्या टाचा आपोआप जुळतात. हे त्याला याच लोकांनी शिकवले आहे.

आज अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्हाला आत बोलावले. साहेबांनी मान वर न करता विचारले, "झोप?"

"चांगली, सर."

"भूक?"

"चांगली, सर."

"काही त्रास?"

"नाही, सर."

चार मंगळवार हेच. एवढ्या शिक्षणाचे साहेबांनी काय केले, मला माहीत नाही. त्यांनी फाइलीत "तंदुरुस्त, सोमवारी कामावर हजर व्हावे" असे लिहिले आणि सहीपूर्वी चहा मागवला.

मी म्हणालो, "साहेब, तो गणवेश खुंटीला टांगून विचारा एकदा. मग बघा काय सांगतो."

"तू कोण? डॉक्टर आहेस?"

"नाही. कॉलेज सोडलंय."

"ते दिसतंच आहे."

दादा म्हणाला, "गप बस रे." पण सावधानमध्येच उभा राहून.

मी फाइल ओढली, "तंदुरुस्त" खोडले आणि खाली लिहिले: पलंगाखाली झोपतो, बूट घालून. वहिनी त्याला लांबून काठीने उठवते. एकदा हाताने उठवले होते. त्यानंतर आठवडाभर ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून होती.

दादाने ते वाचले. ओढणीचे कारण म्हणून वहिनीने त्याला आपला घसा धरलाय असे सांगितले होते.

साहेब ओरडले, "हा सरकारी कागद आहे!" चार आठवड्यांत ते पहिल्यांदाच खुर्चीतून उठले.

पेन निळ्या शाईचे होते. कोणी दिले ते सांगणार नाही.

साहेबांनी तक्रार दिल्यावर पुरावा म्हणून आपण फाइल जप्त करून लाखेचे सील लावले. साहेब सहीपुरती ती परत मागायला आले, तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाले, "कोर्टाचा हुकूम आणा साहेब." फाइल नाही तर सही नाही, सही नाही तर दादा सोमवारी जात नाही. मला गुन्हा कबूल आहे. तपास सावकाश करावा, ही विनंती.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी "भावास बाहेर बाकावर विचारले असता काही त्रास नसल्याचे सांगतो" अशी ओळ होती. विचारणारे गणवेशात होते. ती ओळ मी खोडायला लावली. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे.